पूजेत बसलेला कॉम्प्युटर

ह्यांची बदली मिरजेला झाली, त्याच आठवड्यात लेकीला ऑफिसात पहिलं मोठं काम मिळालं. एका घरात दोन बातम्या आल्या आणि दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेला तोंड करून बसल्या.

हे एग्मोरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. लेक कडेवर असताना मी मद्रासला आले. मी चौथी पास. त्याच्या पुढची शाळा गावात नव्हती आणि दुसऱ्या गावाला मुलीला कोण पाठवणार. तमिळ मी बाजारापुरतं शिकले: किती, नको, थोडं कमी करा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, मराठीतही चिकटते. त्यामुळे ह्या दिवसाबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही. आता दुपारी एकटी असते तेव्हा लिहून काढावंसं वाटलं.

लेक कॉम्प्युटर शिकून अड्यारच्या एका कंपनीत लागली होती, पण अजून कच्चीच होती. काम बघून कायम करू, असं तिच्या साहेबांनी सांगितलेलं. बदलीचा हुकूम आला तेव्हा ह्यांनी जेवताना शांतपणे म्हटलं होतं, की दसऱ्यापर्यंत तिची नोकरी पक्की झाली तर ती लेडीज हॉस्टेलला राहील, नाहीतर आपल्याबरोबर मिरजेला येईल. कच्च्या नोकरीवर पोरीला एकटीला मागे ठेवायचं नाही. ह्यांचं काही चुकत नव्हतं. लेक ताटातला भात चिवडत राहिली.

आणि मग ते काम आलं.

मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याला टेकून मला समजावून सांगत होती. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींच्या सीटा शिवणारा एक कारखाना आहे. मोटारींची कंपनी वेगळी, तिचं नियोजनाचं ऑफिस परदेशात. तिथून निरोप निघतो, की आता लाल गाडी येणार, तिला करड्या सीटा. तिच्यामागे पांढरी, तिला काळ्या. ज्या क्रमाने गाड्या पट्ट्यावरून येतात त्याच क्रमाने सीटा लॉरीत भरून जायला पाहिजेत. एक निरोप मागेपुढे झाला, तर पुढच्या सगळ्या गाड्यांना भलत्याच सीटा.

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"मी मधली रांग सांभाळते. तिकडून निरोप येतो तो आमच्या मशीनवर रांगेत उभा राहतो. कारखान्याचं मशीन पुढचा उचलतं, मग मागचा पुढे सरकतो."

"आणि त्यांनी उचललाच नाही तर?"

"तर थांबायचं. पाठवणाऱ्याने पाठवून मोकळं व्हायचं. घेणाऱ्याला सवड होईल तेव्हा त्याने घ्यायचं. मध्ये एकही हरवता कामा नये आणि एकही पुढे घुसता कामा नये."

मला ते एकदम कळलं आणि अंगावर काटाच आला. पाण्याच्या टंचाईत आमच्या गल्लीत लॉरी यायची, तेव्हा बायका रंगीत प्लास्टिकच्या घागरी ओळीने ठेवून घरी आमटीला फोडणी घालायला जायच्या. माणूस नसलं तरी घागर जागा धरून उभी असायची. माझी लेक असल्या घागरींची राखण करते, आणि त्यासाठी तिला पगार मिळतो! मी हसले तर ती रुसली. तिला वाटलं मी थट्टा करते. थट्टा नव्हती. पहिल्यांदाच मला तिच्या नोकरीचं काही समजलं होतं म्हणून मी हसत होते.

आता ह्या रांगा जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर न्यायच्या होत्या, आणि ते काम तिच्या एकटीच्या नावावर होतं. कारखान्याकडेही एक नवा कॉम्प्युटर आला होता. आधी निरोप तिथल्या वरच्या ऑफिसात यायचे आणि छापून खाली जायचे. आता ते थेट माल पाठवायच्या खोलीतच पोचणार होते. दिवस ठरला आयुधपूजेचा, कारण त्या दिवशी कारखाना बंद. परदेशात आयुधपूजा कुठली, तिकडून दुसऱ्या दिवसाचे निरोप येत राहणार. पण सीटा कुणाला लगेच नको होत्या. हे नीट पार पडलं तर तुझं कायमचं करू, असं साहेबांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणजे ह्यांनी दिलेली मुदत आणि साहेबांनी दिलेलं काम एकमेकांना लागून आलं.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. माझे वडील सुतार होते. रंधा, पटाशी, करवत सगळं पुसून ते पांढऱ्या धोतरावर मांडायचे. मद्रासला ह्या पूजेचा थाट केवढा तरी मोठा. बसला केळीचे खुंट बांधतात, सायकलला झेंडूचे हार, शिलाईमशीनला चंदनाचे टिळे. अड्यारच्या ऑफिसातही पूजा होती आणि घरच्यांना बोलावलं होतं. ह्यांना सुट्टी नव्हती. मी नको नको म्हणत होते, पण लेकीने माझी हिरवी साडी काढून पलंगावर ठेवली होती.

मी ऑफिसचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. थंडगार हवा, आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या कपाळावर चंदन-कुंकू. चुरमुरे, फुटाणे, गूळ यांचे द्रोण टेबलावर. तिचे साहेब तंजावूरकडच्या मराठी घरातले निघाले. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेलात डोलणारं. त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "बसा की हो अम्मा, भिऊं नका. तुमची लेक आज आमची परीक्षा घेणार." मी पदर सावरला आणि लेकीच्या मागच्या खुर्चीवर बसले.

तिने मला पडद्यावरचे दोन आकडे दाखवले. एक, रांगेत आत्ता किती निरोप उभे आहेत. दुसरा, जास्तीत जास्त किती उभे राहू शकतात. दुसरा भरला की मशीन नव्या निरोपाला दारातूनच परत पाठवणार, आणि मग तो गेला. मी मान हलवली आणि तेव्हापासून माझी नजर त्या पहिल्या आकड्यावरून हलली नाही.

तिने बोटं चालवली. जुन्या रांगेतला शेवटचा निरोप निघून गेला, नव्या रांगेत पहिला येऊन उभा राहिला. क्षणभर तो तिथेच होता. मग गेला. कारखान्याने उचलला होता. दुसरा आला, गेला. तिसरा आला, गेला. साहेबांनी टाळी वाजवली, बाकीच्यांनीही वाजवल्या. लेकीचे कान लाल झाले. लहानपणी बक्षीस मिळालं की असेच व्हायचे. मला उठून तिच्या गालावरून हात फिरवावासा वाटत होता, पण एवढ्या लोकांत हात उचलेना.

जेवायला केळीच्या पानावर सांबारभात, पायसम असं सगळं होतं. जेवून आम्ही परत आलो, तर पहिला आकडा वाढलेला होता.

लेक खुर्चीत बसली नाही, उभ्यानेच वाकून बघत राहिली. आकडा आणखी वाढला. एकही निरोप पुढे जात नव्हता, मागून येणं मात्र चालूच.

साहेब आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "काय ग, ही तर रेशनच्या दुकानाची रांग झाली. माणसं वाढतायत आणि माल काही मिळेना."

"सर, घेणारं मशीन जोडलेलं दिसत नाही."

"म्हणजे त्याचा दोष की आपल्या नव्या मशीनचा?"

तिला ते इथून सांगता येईना. तारेचा दोष असेल, किंवा आपलंच नवं मशीन त्याला आत घेत नसेल. तिने कारखान्याच्या खोलीत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग गेटवर लावला, तेव्हा पहारेकरी एवढंच म्हणाला, की पूजा झाली, सगळे घरी निघाले.

साहेबांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हते, पण वरून त्यांनाही कुणीतरी विचारणार होतं. ते म्हणाले, की दिवेलागणीपर्यंत हे सुटलं नाही तर सगळं जुन्या मशीनवर परत न्यायचं. नव्या रांगेत साठलेलं पुसून टाकायचं आणि परदेशातून पुन्हा मागवायचं. लेक म्हणाली, पुन्हा मागवलं तर क्रम बिघडेल. ते म्हणाले, बिघडेल, पण निदान काहीतरी चालू असेल. मग आवाज खाली आणून म्हणाले, की तुला अजून थोडं शिकावं लागेल, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कायम करण्याचं पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी आम्ही मिरजेला असणार होतो. हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. लेकीने माझ्याकडे बघितलंच नाही.

"मी स्वतः जाऊन बघते," ती म्हणाली. साहेबांनी ऑफिसची गाडी दिली. मी उठून उभी राहिले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण मी तिथे एकटी बसून काय करणार होते?

गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवलेली होती. ड्रायव्हरने ती फटकन चिरडून गाडी बाहेर काढली. रस्त्यात जागोजागी दृष्ट काढून कुंकू माखलेले कोहळे फोडलेले, लाल-पांढरा चिखल. गाडी त्यावरून घसरेल म्हणून ड्रायव्हर नागमोडी चालवत होता. लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि गुडघ्यावर बोटांनी टकटक करत होती. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. इतकी वर्षं मी मद्रासला राहिले, पण बाजार, देऊळ आणि स्टेशन यापलीकडे कुठे गेले नव्हते. आणि आज मी लेकीबरोबर, भर दुपारी, अडकलेल्या निरोपांच्या मागावर निघाले होते.

कारखान्याच्या दाराशी केळीचे खुंट आणि आंब्याच्या डहाळ्या. आत सामसूम. शिलाईची मोठाली मशीनं ओळीने, प्रत्येकाच्या गळ्यात हार. माल पाठवायच्या खोलीचा सुपरवायझर एक वयस्कर गृहस्थ होता, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात प्रसादाची पिशवी, सगळ्यांच्या शेवटी निघायच्या बेतात. लेकीने त्याला अय्या म्हणून नमस्कार केला आणि नवा कॉम्प्युटर कुठे आहे ते विचारलं.

तो एकदम खुलला. आम्हाला आत घेऊन गेला. खोलीच्या मधोमध टेबलावर नव्या वेष्टीचा, म्हणजे तिकडच्या धोतराचा, तुकडा अंथरला होता आणि त्यावर कॉम्प्युटर. सगळ्यात जाड हार त्यालाच. पडद्यावर चंदनाचे तीन पट्टे आणि मध्ये कुंकू. पुढे ऊस, मोसंबी, पानविडा, विझलेला कापूर. वायर भिंतीतून काढून, नीट गुंडाळून, तिलाही कुंकू लावून ठेवली होती.

माझी लेक बघतच राहिली. मग तिने तोंडावर हात दाबला. आधी वाटलं रडते, पण ती हसत होती.

म्हातारा तमिळमध्ये बोलत होता आणि लेक मला हळूच मराठीत सांगत होती. तो म्हणाला, की आमच्या खात्यात हे ह्या वर्षीचं नवं आयुध, म्हणून मीच स्वतः स्नान करून त्याला पूजेत बसवलं. लेकीने विचारलं, आता चालू करता येईल का? तो ओशाळला, पण ठाम होता. पूजेत बसलेलं आयुध उद्या सकाळच्या पूजेपर्यंत उठवायचं नाही. लेक म्हणाली, बाहेर गाड्या तर चालतायत. त्यावर तो म्हणाला, "गाडीची पूजा चालवून होते अम्मा, मशीनची थांबवून होते." आणि मग सांगितलं, की तो ह्या कारखान्यात आला त्याच्या आधी सुयांखाली बोटं जायची. त्याने ही पूजा नेमाने सुरू केली, एक दिवस सगळ्यांना थांबायला लावलं, मशीनं उघडून पुसायला लावली, तेव्हापासून कुणाचं बोट गेलं नाही.

लेकीने मोबाईल काढून साहेबांना फोन लावला.

"सर, मशीन बिघडलेलं नाही. पूजेत बसवलंय."

पलीकडचं साहेबांचं बोलणं मलाही ऐकू आलं. तिथे उभी आहेस ना, मग वायर लाव आणि संपव.

म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हतं, पण अंदाज आला असावा. त्याने पिशवी खाली ठेवली. म्हणाला, की तुम्ही कंपनीची माणसं, तुमचा हुकूम असेल तर तुम्हीच लावा. मी अडवणार नाही, फक्त बाहेर जाऊन उभा राहतो. आणि तो खरोखर दाराशी गेला, पाठ फिरवून.

वायर तिथेच होती, हाताच्या अंतरावर. लेकीने माझ्याकडे बघितलं. "आई, काय करू?"

मला वडिलांचं धोतर दिसलं आणि त्यावरचा रंधा. पण ते तिला सांगून काय उपयोग होता? तिचं काम वेगळं होतं. मी एवढंच विचारलं, "तुझे निरोप थांबू शकतात, म्हणालीस ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरसर पसरत गेलं. तिने फोन पुन्हा कानाला लावला आणि एका दमात बोलली. सर, उद्या सकाळी पाळी सुरू होईपर्यंत सीटा कुणालाच नको आहेत. रांग त्यासाठीच तर बांधली. घेणारा झोपला असेल तर निरोपांनी उभं राहायचं. फक्त रांग भरता कामा नये. मी येऊन तिची मर्यादा वाढवते.

"आणि सकाळी नाही उतरली तर?"

"तर मी मिरजेला जाते," ती म्हणाली. साहेबांना त्यातलं काही कळलं नसणार. पण ते म्हणाले, बदल तुझ्याच हाताने, तुझ्याच नावावर होईल. लवकर ये.

आम्ही पळत गाडीत बसलो. गाडी निघता निघता म्हाताऱ्याने माझ्या हातात चुरमुऱ्यांची पिशवी कोंबली. परतीच्या वाटेवर पूनमल्लीला सगळ्या जगाच्या लॉऱ्या हार घालून रस्त्यात उभ्या. एका वर्कशॉपपुढे ढोल वाजत होते आणि लोक कोहळा हातात घेऊन गोल गोल ओवाळत होते, फोडायचं नावच घेईनात. लेक खिडकीतून डोकं काढून तमिळमध्ये ओरडली, की अण्णा, फोडा की लवकर, आमचंही काम अडलंय. ती माणसं हसली. कोहळा फुटला, एक फोड आमच्या काचेवर आली, आणि आम्ही सुटलो. माझी लेक रस्त्यात ओरडली, आणि मी, जी दुकानदाराला मोठ्याने हाक मारू शकत नाही, ती शेजारी बसून चुरमुरे खात खुदखुदत होते.

ऑफिसात पोचलो तेव्हा पहिला आकडा दुसऱ्याच्या अगदी खांद्याशी आला होता. साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे. लेकीने चपला काढल्या, बसली, आणि टाइप करायला लागली. एकदा चुकलं, तिने पुसलं. पहिला आकडा आणखी सरकला. मी देवाचं नाव घेत होते की आकडा मोजत होते, माझं मलाच कळेना. मग तिने एक कळ दाबली आणि दुसरा आकडा एकदम फुगला, कितीतरी मोठा झाला. जणू अंगणाची भिंत पाडून मागचं शेत उघडं केलं.

साहेबांनी श्वास सोडला आणि माझ्याकडे वळून त्यांच्या डोलत्या मराठीत म्हणाले, "अम्मा, आता उद्या सकाळपर्यंत मीच पूजेत बसलो."

ह्यांनी घरी आल्यावर विचारलं, काय झालं. लेक म्हणाली, उद्या कळेल. हे सामान बांधायला काढत होते. माळ्यावरची पितळेची भांडी खाली आली होती.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघी पुन्हा इरुंगाट्टुकोट्टैला. ह्या वेळी कारखाना माणसांनी भरलेला, सगळ्यांच्या अंगावर कोरे कपडे. साहेब अड्यारला पडद्यासमोर होते आणि लेकीच्या मोबाईलवर. म्हाताऱ्याने कॉम्प्युटरपुढे दिवा मांडला होता. मला बघून त्याने तबक पुढे केलं. सवाशीण आहात, कापूर तुम्ही लावा. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. काडी दोनदा विझली. मागून एक बाई तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि बायका हसल्या. लेक माझ्या कानात म्हणाली, "त्या म्हणतायत, पंखा बंद करा रे, अम्माचा दोष नाही." पंखा बंद झाला आणि कापूर पेटला.

म्हाताऱ्याने आरती ओवाळली, हार थोडा बाजूला सारला, पडद्यावरचं चंदन ओल्या फडक्याने पुसलं आणि वायर लेकीच्या हातात दिली. तिने ती भिंतीत खोचली.

कॉम्प्युटर जागा व्हायला किती वेळ लावतो! मी तोपर्यंत कधी लक्षच दिलं नव्हतं. आधी काळा, मग निळा, मग काहीतरी गोल गोल. चाळीसएक माणसं श्वास धरून उभी. मग शेजारचं लेबल छापायचं यंत्र एकदम कर्रर्र करून ओरडलं आणि त्यातून पहिलं लेबल बाहेर आलं.

लेकीने ते फाडलं नाही, वाकून वाचलं आणि फोनवर क्रमांक सांगितला. साहेबांनी तिकडे रांगेतला पहिला क्रमांक बघितला.

"बरोबर," ते म्हणाले.

दुसरं लेबल. बरोबर. तिसरं. बरोबर. पाचव्या-सहाव्याला साहेबांनी सांगणं सोडून दिलं, नुसते हं हं करत होते. मग कर्रर्र थांबेच ना. लेबलांची पट्टी टेबलावरून खाली, जमिनीवर वळ्या करत चालली. म्हातारा एकेक लेबल उचलून रंग ओरडून सांगायचा, काळा, करडा, पुन्हा करडा, आणि माणसं सीटा काढायला धावायची. इतका वेळ उभे राहून दमलेले निरोप दार उघडल्यावर कसे शिस्तीत बाहेर पडत होते! एकाने दुसऱ्याला ढकललं नाही. मी लेकीचा दंड धरला होता, तिला दुखत असणार, पण तिने सोडवून घेतला नाही.

मध्येच यंत्र थांबलं. सगळे दचकले. लेबलांचं रीळ संपलं होतं. नवं रीळ कपाटात, आणि कपाटालाही पूजेचा हार घालून चावी कुणीतरी देवापुढे ठेवलेली. ती शोधण्यात थोडी धांदल उडाली. लेक मात्र शांत बसून होती. फोनवर साहेब ओरडत होते, काय झालं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही सर. थांबलेत. थांबू देत."

रीळ लागलं. कर्रर्र पुन्हा सुरू झालं. आणि मग काही वेळाने ते आपोआप गप्प झालं. फोनमधून साहेबांचा आवाज आला, शून्य. रांगेत कुणी नाही. लेकीने कपाळ टेबलावर टेकलं. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर लॉरीचं इंजिन सुरू झालं होतं.

तिने उठून डोळे पुसले तेव्हा साहेब अजून बोलत होते. सोमवारी सही करायला ये, असं काहीतरी. तिने दोनदा विचारलं, सर, कायमचं? ते म्हणाले, कायमचं ग बाई, कायमचं.

आम्ही घरी आलो तेव्हा हे दारातच होते. पितळेच्या भांड्यांच्या गोणीला सुतळी आवळत होते. लेक आत शिरली आणि सांगायला तोंड उघडलं, पण तिला शब्द सुचेनात. तिला सवय नाही. घरात असलं बोलणं नेहमी हेच करतात.

मग मीच बोलले. मी आयुष्यात ह्यांना कधी ठरवून काही सांगितलेलं नाही, विचारलेलंच आहे.

"तिची नोकरी पक्की झाली," मी म्हटलं. "ती इथेच राहील. चार भांडी तिच्यासाठी बाहेर काढा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग सुतळीची गाठ सोडायला खाली वाकले.